सहावीत आहे, पण वाचता येत नाही

प्रश्न: ताई नमस्कार, मी बँकेतून रिटायर झालेय. जूनपासून आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी पाच मुलांना शिकवते, फी वगैरे काही घेत नाही. त्यातला एक सहावीत आहे, आई आमच्याच बिल्डिंगमध्ये धुणंभांडी करते. त्याची वही बघाल तर मोत्यासारखं अक्षर, सगळे धडे उतरवलेले, पण एक ओळ वाच म्हटलं की मान खाली. आई म्हणते गृहपाठ तेवढा करून घ्या, बाई ओरडतात. चार महिने तेच करतेय, फरक शून्य. माझंच काही चुकतंय का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: अहो, माझं पण पहिलं वर्ष असंच गेलं. तुम्ही उत्तर सांगताय, तो उतरवतोय, म्हणजे फळ्याच्या जागी तुम्ही आलात एवढंच. गृहपाठाला दहा मिनिटं द्या, आईच्या समाधानासाठी, आणि बाकी वेळ सहावी विसरा.

आधी त्याची गाडी कुठे अडलीय ते बघा, पण एकट्याला बसवून, बाकीच्यांसमोर अजिबात नको. मुलांना वाचता येतं का, गणित येतं का ते तपासणारी ‘असर’ नावाची पाहणी असते, तिच्यात २००५ पासून वापरतात ती उतरंड घ्या, सुटी अक्षरं, मग साधे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट. जिथे अडखळेल तिथून सुरू करायचं. आणि पुस्तक नाकाशी धरतोय का तेही बघा, तसं असेल तर आधी डोळे तपासून घ्या.

बरीच मुलं अक्षरं ओळखतात आणि जोडताना अडकतात, त्यात आपली लिपी पण गंमतच करते. ‘कि’ मध्ये वेलांटी आधी दिसते, बोलायची मात्र नंतर, आणि ‘सूर्य’ मध्ये र बोलायचा आधी, बसलाय य च्या डोक्यावर, मग पोरगा ‘सूयर’ वाचतो आणि आपण म्हणतो लक्ष नाही!

बारा वर्षांच्या मुलापुढे अंकलिपी ठेवलीत तर तो उद्यापासून येणारच नाही. त्यापेक्षा त्याला बोलतं करा. ‘काल मॅच हरलो, बॉल गटारात गेला’ असं काही सांगेल, ते जसंच्या तसं त्याच्यासमोर लिहा आणि त्यालाच वाचायला द्या. काय लिहिलंय ते माहीत असतं म्हणून तो घाबरत नाही, मग त्यातलेच शब्द सुटे करून कागदावर इकडेतिकडे मांडा, आता मात्र खरंच वाचावं लागतं. दुकानाच्या पाट्या, बसचे बोर्ड, आईच्या मोबाईलवरचे मेसेज, सगळं चालतं.

गणितातही हेच. एकोणपन्नास लिही म्हटलं आणि त्याने ५९ लिहिले तर ओरडू नका, पन्नास ऐकलं म्हणून त्याने पाच लिहिला. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आणलं तेव्हा केवढे जोक फिरले, मीही हसले होते, आता शिकवताना तेवढं हसू येत नाही. दोन्ही म्हणून घ्या, चाळीस नऊ, एकोणपन्नास.

आणि त्याच्या बाईंना एकदा भेटाच, पण तक्रार घेऊन नको. मी हे हे करतेय, तोवर वर्गात सगळ्यांसमोर त्याला वाचायला उभं करू नका, एवढंच सांगा. बहुतेक ऐकतात.

प्रश्न: मी एफवायला आहे, वस्तीत दर रविवारी शिकवतो. आता सेमिस्टरची परीक्षा आलीय, महिनाभर जमणार नाही. मुलांना काय सांगू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: अरे, खरं ते सांग, आणि आत्ताच. परत कुठल्या रविवारी येणार ती तारीख त्यांच्याच हाताने भिंतीवर लिहून घे, लिहायची प्रॅक्टिस पण होईल. न सांगता गायब झालास तर पोरं दोन रविवार दारात वाट बघतात, तिसऱ्या रविवारी खेळायला जातात, आणि मग तू आलास तरी फिरकत नाहीत. जमलं तर एखाद्या मित्राला आधीच एका रविवारी सोबत ने, मुलांना त्याचा चेहरा तरी ओळखीचा होऊ दे.