शिक्षक गैरहजर असताना त्यांच्या वर्गाची व्यवस्था कशी लावावी?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: रजेवरील शिक्षकांच्या वर्गावर कोणाला पाठवावे, आणि बदली तासांची वाटणी सहकाऱ्यांना न्याय्य वाटेल अशी कशी करावी. एका अनुदानित माध्यमिक शाळेत पर्यवेक्षक म्हणून हे काम माझ्याकडे असल्याने उत्तर देतो.

वाटणीचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. मस्टरवरील सह्या पाहून पहिल्या तासापूर्वी बदली तासांचा तक्ता लावावा आणि कोणी किती तास घेतले याची वही सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. पक्षपाताच्या तक्रारी त्यामुळे बऱ्याच कमी होतात. मात्र एखाद्याचा त्या दिवसातील एकमेव मोकळा तास शक्यतो घेऊ नये, कारण वह्या तपासण्याचे काम त्याच वेळात होते.

खरी अडचण त्या तासाला वर्गात काय घडते ही आहे. माझ्या मते, जो मोकळा असेल त्याला पाठवण्याऐवजी त्याच तुकडीला शिकवणाऱ्या शिक्षकाला आधी विचारावे. गणिताचे सर नसतील, तर त्या तुकडीच्या मराठीच्या बाई त्या तासाला आपला धडा पुढे नेतात आणि सर परतल्यावर आपला एक तास गणिताला देतात; त्यामुळे कोणत्याच विषयाचा तास बुडत नाही, शिवाय बाई मुलांना नावानिशी ओळखत असल्याने शिस्तीसाठी आवाज चढवावा लागत नाही. असे जमत नसेल, तर रजेवर जाणाऱ्याने आधी लिहून ठेवलेले काम बदली शिक्षकाने करून घ्यावे आणि मुख्य म्हणजे ते तपासावे, कारण तपासले जाणार नाही हे मुलांना पहिल्या पाच मिनिटांत कळते. दोन तुकड्या एका खोलीत कोंबणे किंवा वर्गप्रमुखाकडून बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहून घेणे याला मी व्यवस्था म्हणत नाही. विषयशिक्षक नसताना प्रयोगशाळा तर उघडूच नये.

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत हे काहीच लागू पडत नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार प्राथमिक शाळेत 60 विद्यार्थ्यांच्या पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात. त्यातील एक बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला (कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक या कामांना मुभा देते) की सर्व इयत्ता दुसऱ्याच्या अंगावर येतात. तेथे वरच्या इयत्तेतील मुलांनी लहानांना वाचून दाखवणे आणि गटकार्य आधीपासूनच सवयीचे असेल तरच दिवस निभावतो.

प्रसूती रजेसारखी दीर्घ रजा मात्र बदली तासांवर भागवू नये. अशा वेळी मुख्याध्यापकांमार्फत संस्थेकडे रजेच्या मुदतीपुरत्या शिक्षकाची लेखी मागणी करावी, आणि ती रजेचा अर्ज हाती येताच करावी.