पैसे पाठवण्याचा धंदा : घर तारण ठेवण्याआधी

प्रश्न : मी सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करतो. परदेशात काम करणाऱ्यांना घरी पैसे पाठवता यावेत, असा ऑनलाइन मनी ट्रान्सफरचा व्यवसाय सुरू करायचा विचार आहे. एक कंपनी आमच्या नावाने तयार ॲप द्यायला तयार आहे. बचतीतला मोठा भाग यात घालणार आहे, कमी पडल्यास घरावर कर्ज काढेन. एक मित्र भागीदार आहे. पुढे जावं का?

उत्तर : घरावर कर्ज काढू नका. बाकी सगळ्यावर चर्चा होऊ शकते, यावर नाही.

मागणी आहे, हे तुमचं म्हणणं खरं. २०० डॉलर पाठवायला जगात सरासरी ६ टक्क्यांहून जास्त खर्च येतो, असं जागतिक बँकेची आकडेवारी सांगते. तो २०३० पर्यंत ३ टक्क्यांच्या खाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. पण ही सरासरी बँकांच्या चढ्या दरांनी फुगलेली आहे. तुमची गाठ पडणार ती वाईजसारख्या ॲपवाल्यांशी, आणि ते बरंच कमी घेतात.

तुमच्या पत्रात ॲपचा खर्च तपशीलवार आहे, खेळत्या भांडवलाचा मात्र उल्लेखच नाही. खरी गोम तिथे आहे. शुक्रवारी संध्याकाळी ग्राहक कार्डाने पैसे भरतो आणि घरच्यांना दहा मिनिटांत मिळावेत अशी त्याची अपेक्षा असते. कार्डाचा पैसा तुमच्या खात्यात येणार सोमवारी किंवा मंगळवारी. तोवर पलीकडच्या देशातल्या खात्यातून जो पैसा दिला जातो तो तुमचा, आधीच भरून ठेवलेला. रोज १०० व्यवहार, प्रत्येकी २०० डॉलर धरा. शुक्रवार ते सोमवार चार दिवसांचे ८०,००० डॉलर बाहेर गेलेले असतात. फी आणि विनिमय दरातला फरक मिळून व्यवहारामागे ४ डॉलर सुटले, त्यातले ३ कार्ड कंपनी, ओळख पडताळणी आणि पलीकडे पैसे देणारा भागीदार यांच्यात गेले, असं मानू. उरला १ डॉलर, म्हणजे दिवसाला १००. पगार अजून त्यातून द्यायचेच आहेत. धंदा दुप्पट झाला की अडकलेला पैसाही दुप्पट. चांगले चाललेले धंदेही इथेच रोख रकमेवाचून अडतात.

त्यात एखादं कार्ड चोरीचं निघालं तर? खरा कार्डधारक तक्रार करतो, २०० डॉलर तुमच्या खात्यातून परत जातात आणि घेणारा केव्हाच रोकड घेऊन पसार झालेला असतो. एका फसवणुकीत २०० व्यवहारांचा नफा गेला. म्हणून निदान पहिलं वर्षभर कार्ड घेऊच नका, बँक ट्रान्सफरनेच पैसे स्वीकारा. ग्राहक कुरकुरतील, कुरकुरू द्या.

आता परवाना. मनी ट्रान्सफर करणाऱ्याला परवाना किंवा नोंदणी हवीच, हा एफएटीएफ या मनी लाँडरिंगविरोधी आंतरराष्ट्रीय संस्थेचा दंडक आहे, त्यामुळे पळवाट शोधण्यात वेळ घालवू नका. अमेरिकेत केंद्रीय नोंदणी तर लागतेच, वर बहुतेक राज्यांचे वेगवेगळे परवानेही लागतात. ॲप विकणारे ‘लायसन्सचं आम्ही बघतो’ म्हणत असतील तर ते कुणाच्या नावावर आहे, कोणत्या देशाचं आहे आणि त्याखाली तुमची एजंट म्हणून नोंद होणार का, हे लेखी मागा. टोलवाटोलवी झाली तर तिथेच थांबा.

परवाना मिळाला तरी बँक खातं देईलच असं नाही. २०१३ मध्ये बार्कलेजने ब्रिटनमधल्या अनेक मनी ट्रान्सफर कंपन्यांची खाती बंद करायचं ठरवलं, तेव्हा सोमालियाला पैसे पाठवणारी दहाबशील ही नावाजलेली कंपनीसुद्धा कोर्टात धावली. बँकांची भीती अगदीच निराधार नाही : मनी लाँडरिंग रोखण्यात कमी पडल्याबद्दल वेस्टर्न युनियनला २०१७ मध्ये ५८.६ कोटी डॉलर मोजावे लागले. संशयास्पद व्यवहार पाहायला जाणकार माणूस पहिल्या दिवसापासून पगारावर लागतो. हे काम सॉफ्टवेअर करेल असं तुम्ही लिहिलंय. सॉफ्टवेअर फक्त धोक्याची घंटा वाजवतं, निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

माझ्या मते क्रम उलटा करा. आधी बँकेचा लेखी होकार, मग परवाना, ॲप सगळ्यात शेवटी. त्याहून बरं म्हणजे नोकरी न सोडता एखाद्या परवानाधारक कंपनीचे एजंट व्हा आणि एकाच देशाच्या मार्गावर वर्षभर काम करा. ग्राहक परत येतात का आणि व्यवहारामागे खरोखर किती उरतं, हे कमी पैशांत कळेल. त्यासाठी बचतीतून तेवढीच रक्कम काढा जी पूर्ण बुडाली तरी घरखर्च आणि मुलांचं शिक्षण अडणार नाही. ग्राहकांचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा. अडचणीच्या आठवड्यातही त्याला हात लावायचा नाही.

मित्राशी करार करताना नफ्याची वाटणी सगळेच लिहितात. बँकेने वैयक्तिक हमी मागितली तर सही कोण करणार, आणि खातं गोठलं तर अडकलेल्या ग्राहकांचे पैसे कुणी किती भरायचे, हे आधी लिहून घ्या. मित्र त्यावर सही करायला तयार नसेल तर एजन्सी एकट्याच्या नावावर घ्या.