दिवस गेल्यावर थायरॉईडची गोळी बंद करावी का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपासून ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे, आता सातवा आठवडा लागलाय, टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, ग्रंथीचं काम कमी पडलं की तो वाढतो) ४.२ आला आणि लॅबच्या कागदावर तो ‘नॉर्मल’मध्ये बसतो. सासूबाई म्हणतात, पहिले तीन महिने कसलंच औषध पोटात नको.

बंद करू नका. एक दिवसही नको. मी डॉक्टर नाही, पण माझी दोन्ही बाळंतपणं याच गोळीवर झाली, म्हणून लिहितेय.

सासूबाई काळजीपोटी बोलतात हे खरं, पण नेमके हेच तीन महिने नाजूक असतात. बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते, आणि तिच्यावर भिस्त ठेवावी अशी व्हायला अठरा-वीस आठवडे जातात. तोवर त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं थायरॉक्सिन आईकडूनच जातं. गोळीत असतं तेही थायरॉक्सिनच, जे आपल्या ग्रंथीला पुरेसं बनवता येत नाही.

आता तो ‘नॉर्मल’. कागदावर छापलेली मर्यादा बहुधा सगळ्या प्रौढांसाठीची असते, गरोदर बाईसाठीची नाही. गोळी चालू असलेल्या गरोदर बाईचा टीएसएच डॉक्टर सहसा २.५ च्या खाली ठेवायला बघतात. त्यामुळे पुढच्या तारखेची वाट न बघता आजच फोन करा. डोस वाढवतील, घाबरू नका. बऱ्याचदा आहे त्याच गोळीत आठवड्याला दोन जास्त, म्हणजे सातच्या जागी नऊ घ्यायला सांगतात. पण ते त्यांनी सांगू दे. माझा डोस वाढला तेव्हा जाऊबाईंना वाटलं दुखणं बळावलं. तसं काही नसतं. गरोदरपणात शरीराची गरजच वाढते. धडधाकट ग्रंथी ती गुपचूप भागवते, आपल्याला गोळीतून भागवावी लागते.

खरी कसरत पुढे आहे. चौथ्या महिन्यापासून आशाताई किंवा दवाखाना रक्तवाढीच्या गोळ्या देईल, मग कॅल्शियम दिवसातून दोनदा. लोह आणि कॅल्शियम दोन्ही थायरॉईडची गोळी अंगी लागू देत नाहीत, म्हणून चार तासांचं अंतर हवं. मी उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर थायरॉईडची गोळी घ्यायचे, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर, लोह संध्याकाळी पाचच्या सुमारास लिंबूपाण्याबरोबर, कारण लोह आणि कॅल्शियमही एकत्र चालत नाहीत. फ्रीजवर कागद चिकटवला होता. नवऱ्याला तो माझ्याआधी पाठ झाला. सकाळी उमासे येऊन गोळी उलटून पडत असेल तर डॉक्टरांना विचारून ती रात्री झोपताना घेता येते, मात्र जेवून तीन तास झालेले हवेत. मग रात्रीचं कॅल्शियम सकाळच्या नाश्त्याबरोबर घ्यायचं.

टीएसएच साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत दर चार आठवड्यांनी करतात, नंतर तिसाव्याच्या आसपास निदान एकदा. रक्त देऊन झाल्यावरच त्या दिवशीची गोळी घ्या.

कोबी-फ्लॉवर सोडायला सांगणारे भेटतीलच. शिजवून, नेहमीइतकं खाल्लं तर काही बिघडत नाही. मिठाकडे मात्र बघा. हल्ली कित्येक घरांत उपवासाचं सैंधव रोजच्या आमटीत आलंय, आणि त्यात आयोडीन नसल्यासारखंच असतं. गरोदरपणात आयोडीनची गरज वाढते, दिवसाला २५० मायक्रोग्रॅम. साधं आयोडीनयुक्त मीठच वापरा, तेही प्रमाणात.

बाळंतपणानंतर डोस सहसा पूर्वीइतका खाली आणतात आणि सहा आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करतात. अंगावर पाजताना गोळी चालते. बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन त्याचीही थायरॉईडची तपासणी होते. ती सगळीकडे आपसूक होत नाही, म्हणून नाव नोंदवतानाच दवाखान्यात विचारून ठेवा.