नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. पाळीत इतकं दुखतं की वॉर्डात उभं राहवत नाही. सगळ्यांनाच असं होतं का?

सगळ्यांना नाही, पण बॅचमध्ये तू एकटीही नाहीस. मी नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे. ड्रेसिंग ट्रॉलीला टेकून, ओठ दाबून उभी असलेली एखादी मुलगी दर महिन्याला दिसतेच. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘काही नाही मॅडम.’

बाकी कॉलेजच्या मुली अशा दिवशी सरळ दांडी मारतात. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमानुसार परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी मिळण्याआधी प्रॅक्टिकलची पूर्ण १०० टक्के भरावी लागते. आजची सुट्टी पुढे भरून द्यायचीच, मग मुली गोळी खाऊन येतात. सकाळची ड्युटी, मेसचा नाश्ता हुकलेला, उपाशीपोटी मेफ्टाल, वर पांढऱ्या युनिफॉर्मला डाग लागेल ही धास्ती. त्यात ऑपरेशन थिएटरमध्ये चक्कर आली की ‘रक्त बघून घाबरली’ म्हणून सगळे हसायला मोकळे!

केरळनं २०२३ मध्ये विद्यापीठातल्या मुलींसाठी हजेरीची अट ७५ वरून ७३ टक्क्यांवर आणली. चांगलं केलं, पण आपले प्रॅक्टिकलचे तास अशा सवलतीनं सुटत नाहीत. माझ्या मते सुट्टीपेक्षा कामाची अदलाबदल जास्त उपयोगाची: त्या दिवशी बेड मेकिंगऐवजी बसून चार्टिंग, म्हणजे रुग्णांच्या नोंदी लिहिणं. इन्चार्ज सिस्टर समजूतदार असेल तर हे सहज होतं.

गोळीचं म्हणशील, तर कळा येतात त्या प्रोस्टाग्लँडिन या गर्भाशय आवळणाऱ्या रसायनामुळे, आणि मेफेनॅमिक ॲसिड (मेफ्टालमधलं औषध) किंवा आयब्युप्रोफेन ते बनणंच कमी करतं. म्हणून कळ सुरू होताच, काहीतरी खाऊन घ्यायची. असह्य होईपर्यंत थांबायचं नाही. ॲसिडिटी, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचार. गोळीनंतर पुरळ किंवा ताप आला तर बंद कर आणि लगेच दाखव. आणि वॉर्डातलं इंजेक्शन मैत्रिणीकडून टोचून घेऊ नकोस, हे प्रकार चालतात म्हणून सांगते.

दुखणं महिन्यागणिक वाढत असेल, पाळी नसतानाही दुखत असेल, शौचाला जाताना कळ येत असेल किंवा गोळीनं उतरतच नसेल, तर एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं, आहे का ते बघायला हवं. ‘लग्न झालं की थांबतं’ म्हणणाऱ्या सिस्टर भेटतील, त्यांचं ऐकून वर्षं घालवू नकोस. पोस्टिंग असतं त्याच हॉस्पिटलच्या स्त्रीरोग ओपीडीत केस पेपर काढ आणि त्याची झेरॉक्स तुझ्या ट्यूटरला दे. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं, कागद फाइलला लागतो.