एक्स-रे स्वच्छ आहे, तरी घोडा पुढच्या पायाने लंगडतोय. थेट एमआरआय करावा का?

थेट नको, आधी बधिर करणारी इंजेक्शनं (नर्व्ह ब्लॉक) देऊन दुखणं नेमकं कुठे आहे ते ठरवा, मग एमआरआय. एमआरआय एका वेळी थोडाच भाग टिपतो, जागा चुकली तर अहवाल स्वच्छ येतो आणि घोडा लंगडतच राहतो. सुरुवात खुराकडून करून वर सरकायचं, प्रत्येक टप्प्यानंतर दुडक्या चालीत पळवून पाहायचं. खुराच्या मागच्या भागाचा नर्व्ह ब्लॉक दिल्यावर लंगडणं थांबलं, तर एमआरआयचा खरा उपयोग: खोल कंडरेची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीची) चीर, खुराच्या सांध्याच्या बाजूच्या अस्थिबंधांची (हाडं एकमेकांना जोडणाऱ्या पट्ट्यांची) इजा, हाडाच्या आतली सूज. यातलं काहीच एक्स-रेत दिसत नाही. स्कॅनआधी नाल काढा आणि खुराचा पुन्हा एक्स-रे घ्या. खिळ्याचा बारीकसा तुकडा राहिला तरी चित्रात मोठा काळा डाग पडतो, आणि नेमकं हेच राहून जातं. ब्लॉकने जागाच सापडत नसेल तर बोन स्कॅन (किरणोत्सारी औषध टोचून हाडातली बिघडलेली जागा शोधणारी तपासणी) आधी. मर्यादा एकच लक्षात ठेवा: उभ्या घोड्याच्या एमआरआयची चुंबकीय शक्ती कमी असते, त्यात कूर्चेची बारीक झीज निसटू शकते. तसा संशय असेल तर पूर्ण भूल देऊन हाय-फील्ड (जास्त चुंबकीय शक्तीचा) एमआरआय किंवा सांध्यात दुर्बीण घालून तपासणी जास्त भरवशाची.