बोटं हलली तर बिघडलं कुठे?

प्रश्न : मुलगी अबॅकसच्या क्लासला जाते. तोंडी हिशेब करताना तिची बोटं मांडीवर नाचत असतात. शाळेतल्या बाई म्हणतात, ही सवय मोडा. काय करू? (एक आई, सांगली)

मोडू नका, ताई. अबॅकस म्हणजे तारांवरचे मणी सरकवून हिशेब करायची चौकट; तुमची लेक तेच मणी मनात सरकवतेय आणि त्या कामात बोटांचाही वाटा आहे. 2018 साली मनातल्या मनात अबॅकस चालवणाऱ्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गणित अवघड होत गेलं तसे बोटांचे हावभावही वाढत गेले. हातांना दुसऱ्याच हालचालीत गुंतवलं तेव्हा हिशेब चुकू लागले. गंमत म्हणजे, स्वतःचे हात दिसले नाहीत तरी फारसं अडलं नाही. म्हणजे बोटांकडे बघणं गौण, ती हलवण्याची मेंदूतली तयारी महत्त्वाची.

आपल्या आज्या अंगठ्याने पेरं मोजत एका हातावर बारापर्यंत जायच्या. त्यांना कुणी सवय मोडायला सांगितल्याचं मला आठवत नाही.

प्रश्न : फोनवर बोलतानाही माझे हातवारे चालूच असतात. पलीकडच्याला दिसत नाहीत, मग कशासाठी?

तुमच्या स्वतःसाठी. आयव्हरसन आणि गोल्डिन-मेडो या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं, की जन्मांध मुलंही बोलताना हात हलवतात. ऐकणारा अंध आहे हे माहीत असूनही.

याहून चक्रावणारी गोष्ट इयन वॉटरमन या इंग्रज गृहस्थांची. 1971 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, एका आजारात त्यांची मानेखालची स्पर्शाची आणि हातपाय कुठे आहेत याची जाणीव गेली. स्नायू शाबूत होते, पण हात हलवायचा तर त्याकडे बघत राहावं लागे. दिवे गेले की उभं राहणंही कठीण. संशोधकांनी त्यांचे हात आडोशाखाली झाकले तेव्हा वस्तू हाताळण्यासारखी कामं जमेनात. बोलण्याबरोबरचे हातवारे मात्र चालूच राहिले, शब्दांच्या तालावर. बोलणं आणि हातवारे एकाच मुळातून येतात, असं मला वाटतं ते यामुळेच.

प्रश्न : मुलाखतीआधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून ताठ उभं राहिलं की हार्मोन बदलतात म्हणे. खरं का?

नाही. 2010 च्या शोधनिबंधात तसा दावा होता. 2015 मध्ये 200 जणांवर पुन्हा तपासलं, तेव्हा हार्मोनमध्ये फरक दिसला नाही. 2016 मध्ये मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिका डॅना कार्नी यांनीच, आपला यावर आता विश्वास नाही, असं जाहीर केलं. शरीराचा मनावर परिणाम होतो, एवढ्यावरून काहीही खपवता येत नाही. त्या 200 जणांपैकी ज्यांना अशा ऐटीत राहायला सांगितलं, त्यांना आपण जरा दमदार झालोय असं वाटलं, हे मात्र खरं. तेवढं पुरत असेल तर खुशाल उभे राहा. आत बोलावलं की हात खाली घ्या.