कोरियात ईपिकवर (परदेशी इंग्लिश शिक्षकांना सरकारी शाळांत नेमणारा तिथला सरकारी कार्यक्रम) शाळेत शिकवतोय, आता पालकांनाही इंग्लिश शिकवायला सांगितलंय. काय शिकवू?

ग्रामरचं पुस्तक उघडूच नका, मुलांची चित्रांची गोष्टीची पुस्तकं घ्या आणि ती घरी मोठ्याने कशी वाचायची तेच शिकवा. मी असा वर्ग दोन सेमिस्टर घेतलाय, येतात बहुतेक आयाच, सकाळी मुलं वर्गात गेली की, आणि त्यांनी शाळेत वर्षानुवर्षं इंग्लिश केलेलं असतं पण परीक्षेपुरतं, त्यामुळे वाचता येतं पण तोंड उघडायला लाजतात. शिवाय तिसरीपासून मुलांना इंग्लिश सुरू होतं म्हणून अभ्यासात मदत करायची असते. दुसरा हमखास चालणारा विषय म्हणजे कोरियन-इंग्लिश शब्द, म्हणजे मोबाईलला हँडफोन, फुकट मिळालेल्या वस्तूला सर्व्हिस, यावर अर्धा तास सहज जातो आणि हसता हसता बोलायला लागतात. आणि हो, नावाने हाक मारू नका, अमक्याची ओमोनिम म्हणजे अमक्याची आई असं म्हणायचं, आपल्याकडे बंडूची आई म्हणतात तसंच की!

फक्त एक बघा, हा तास तुमच्या करारातल्या आठवड्याला २२ शिकवायच्या तासांत धरलाय की वरचा आहे ते आधीच विचारा, वरचा असेल तर ओव्हरटाईम मिळायला हवा. आणि एखादीने घरी खासगी शिकवणीला बोलावलं तर नाही म्हणा, ई-२ व्हिसावर (परदेशी भाषा-शिक्षकांना मिळणारा व्हिसा) ते बेकायदेशीर आहे.